ओट्यावरचा सातवा नियम

शैलाच्या हसण्याचा आवाज आला तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. रविवारची सकाळ, साडेनऊचा सुमार. बाहेरच्या खोलीतून ते हसू येत होतं, आणि ते साधंसुधं नव्हतं. मध्येच थांबायचं, श्वास घ्यायचं, पुन्हा सुरू व्हायचं. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, पण असं हसणं मी फार तर चार वेळा ऐकलं असेल.

दोन कप घेऊन बाहेर आलो तर बाईसाहेब माझ्या खुर्चीत, माझ्या कॉम्प्युटरसमोर, पदराने डोळे पुसत बसलेल्या.

"काय झालं एवढं?"

"अहो, हा तुमचा डबलबेल! ऐका हं. 'आमच्या आगारात एक साहेब होते. गाडी बंद पडली की ते खाली उतरायचे आणि गाडीकडे रागाने बघायचे. आपल्याकडची चौकशी समिती म्हणजे तेच.' काय लिहितो हो हा माणूस!"

"माझा कशाला? मी काय पाळलाय त्याला?"

"अहो, तुमच्या ओट्यावरचा म्हणून म्हटलं."

चहा प्यायलो. मला तो कडू लागला. साखर बरोबर होती, शैला म्हणाली.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. 'ओटा' ही तेव्हा मराठीतली चर्चेची एक साइट होती. सहाशे सभासद, त्यांतले लिहिणारे साठ, भांडणारे पंचवीस. बडोद्याच्या मृदुलाताई नाबर यांनी ती काढली होती आणि पहिल्या दिवसापासून मी तिथे चालक होतो. चालक म्हणजे लोकांच्या लिखाणावर लक्ष ठेवणारा, वाद मिटवणारा, वेळ पडली तर दार दाखवणारा. मिरजेच्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवायचो, त्यामुळे राजकारणाचा विभाग आपसूकच माझ्याकडे आला. ओट्यावर खऱ्या नावाने कुणी वावरत नसे. माझं नाव होतं 'तटस्थ'.

राजकारण म्हटलं की लोक तिसऱ्या प्रतिसादाला एकमेकांच्या खानदानावर घसरायचे. म्हणून मी अकरा नियम लिहिले. दोन महिने खपलो त्यावर. सातवा नियम माझा लाडका: मुद्द्यावर बोला, माणसावर नको. शेवटचा, अकरावा, असा: चालकांच्या निर्णयाची ओट्यावर जाहीर चर्चा करू नये; तक्रार असल्यास चालकांना खाजगी निरोप पाठवावा. दुसऱ्या दोन साइट्सनी ते नियम माझ्या नावासकट उचलले तेव्हा मी त्या पानांची छपाई करून कॉलेजच्या कपाटात ठेवली होती. इतका मी त्यांवर खूश होतो.

आणि ओट्याच्या सहा वर्षांत शैलाने माझा एकही लेख वाचला नव्हता. "तुमचं फार अभ्यासाचं असतं बाई," म्हणायची.

डबलबेल आला तो त्या वर्षीच्या जूनमध्ये. मी 'मतदान सक्तीचं करावं का?' असा लेख टाकला होता. सात देशांचे दाखले, तळटिपा चौदा. तीन दिवसांत सहा प्रतिसाद आले, त्यांतले दोन माझेच आभाराचे. चौथ्या दिवशी याने लिहिलं:

"तटस्थ साहेबांचा लेख ऐकला. पटला. एकच सांगतो. मी एसटीत कंडक्टर होतो. आमच्या रस्त्यावर एका वस्तीपाशी एक म्हातारी रोज हात करायची. तिथे थांबा नव्हता, म्हणून गाडी थांबायची नाही. पुढे पुढे तिने हात करायचं सोडलं. मग साहेब लोकांनी पाहणी केली आणि लिहिलं की या वस्तीवर प्रवासी नाहीत. मतदार घरी बसतो म्हणता, साहेब. तो उभाच असतो. गाडी थांबत नाही. टण टण."

खाली एकशे बेचाळीस प्रतिसाद पडले. माझ्याच लेखाखाली! तिथल्या तिथे रीत पडून गेली, की एखाद्याचं म्हणणं पटलं तर 'सहमत' लिहायचं सोडून लोक 'टण टण' लिहायला लागले. माझ्या लेखांखाली पूर्वी 'अभ्यासपूर्ण' असा एक शब्द यायचा. आता तोही येईना. महिन्याभरात डबलबेलचे लेख वाचायला माणसं थांबून राहू लागली. 'आज बेल वाजली का?' असं विचारू लागली.

मी जळत होतो. दुसरा शब्द वापरण्यात अर्थ नाही. सकाळी दात घासताना मी त्याची वाक्यं मनात खोडून काढायचो. वर्गात मुलांना राज्यघटनेची कलमं सांगताना मध्येच मला ती म्हातारी दिसायची. असलं काही मला का सुचत नाही, हा एकच प्रश्न डोक्यात भुणभुणत राहायचा. एम.ए. मी झालो होतो, ग्रंथालयं मी पालथी घातली होती, आणि टाळ्या घेत होता तिकिटं फाडणारा.

वर मी त्याची सेवाही करत होतो, ते वेगळंच. ओट्यावर एक पद्धत होती. नवीन सभासदाच्या लिखाणातले ऱ्हस्व-दीर्घ चालक गुपचूप सुधारून द्यायचे. 'दुरुस्ती' असं बटण फक्त आमच्याकडे असे, आणि त्याखाली एक चौकोन: 'बदलाची नोंद दाखवा'. त्यातली खूण काढली की बदल झाल्याचं कुणालाच कळत नसे. नवख्याला चारचौघांत लाजवायला नको, म्हणून ही सोय. डबलबेलचे पहिले आठ-दहा लेख मीच असे सुधारून दिले होते.

सप्टेंबरात मृदुलाताईंचा फोन आला. त्यांना त्या वर्षी साइटचा सगळा कारभार कुणाकडे तरी सोपवायचा होता. दर डिसेंबरात ओटेकरांचा मेळावा भरायचा. यंदाचा सांगलीत, म्हणजे माझ्याच अंगणात होता. तिथे नाव जाहीर व्हायचं होतं. ते नाव माझं, हे मी गृहीतच धरलं होतं. कोटसुद्धा ड्रायक्लीनला द्यायचा विचार करत होतो.

"पोतनीस, तुम्हाला आधी सांगते," त्या म्हणाल्या. "मी डबलबेलना विचारायचं म्हणतेय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नियम तुम्ही बघालच. तुमच्याइतकं कोण बघणार? पण माणसं ज्याच्यामुळे येतात त्याच्याकडे घर असावं, नाही का?"

"तुम्ही म्हणाल तसं, ताई."

"वाईट नाही ना वाटलं?"

"छे छे!"

त्याच आठवड्यात गुरुवारी मला दुपारी तास नव्हते. दोनच्या सुमाराला घरी ओटा उघडून बसलो होतो. सहकारी संस्थांच्या निवडणुकांवर चर्चा चालली होती आणि तिथे 'गोदातीर' नावाचा आमचा एक तापट सभासद डबलबेलवर तुटून पडला होता. आदल्याच दिवशी त्याने लिहिलं होतं, 'तुमचं गाडीतलं राजकारण गाडीतच ठेवा, इथे शिकलेली माणसं बोलतायत.' नियम सात उघड उघड मोडला होता. मी ते वाचलं होतं आणि तसंच राहू दिलं होतं.

आता डबलबेलचं उत्तर आलं. मोठं होतं. मधला भाग असा:

"गोदातीर यांचा मुद्दा अर्ध्या तिकिटाचा आहे. त्यात कमीपणा काही नाही. अर्ध्या तिकिटाचा प्रवासी दोन-चार वर्षांत पूर्ण तिकिटाचा होतोच. मला तेवढी वाट बघायची आहे."

किती गोड वाक्य होतं ते! शिव्या देणाऱ्याला इतक्या मायेने कुणी उत्तर देतं? गोदातीरसुद्धा विरघळणार, शंभर लोक टण टण करणार, डिसेंबरात मृदुलाताई हेच वाक्य मेळाव्यात वाचून दाखवणार आणि शैला पुढच्या रांगेत बसून डोळे पुसणार. सगळं मला लख्ख दिसलं.

पानाच्या खालच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: हजर सभासद १. म्हणजे फक्त मी.

मी 'दुरुस्ती' दाबलं. 'यांचा मुद्दा' खोडून 'यांची अक्कल' केलं. 'तिकिटाचा'चं 'तिकिटाची'. पुढची तीन वाक्यं काढून टाकली. चौकोनातली खूण काढली. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नाही.  कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं होतं, हे खरं आहे.

चार वाजता गोदातीर आला आणि त्याने आकाशपाताळ एक केलं. माझी अक्कल काढता? हाच का तुमचा साधेपणा? लोक हळहळले. 'डबलबेल, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.' साडेपाचला चालक या नात्याने मी सूचना लावली: नियम सातचा भंग झाल्यामुळे डबलबेल यांच्यावर तीन महिने लिहिण्याची बंदी. या निर्णयाची जाहीर चर्चा करू नये, पाहा नियम अकरा. तीनदा वाचून स्वल्पविराम नीट लावले.

आता तो खवळेल, मी असं लिहिलंच नाही म्हणून ओरडेल, याची मी वाट पाहत बसलो. उत्तरं तयार ठेवली होती. दोन दिवसांनी एक खाजगी निरोप आला, तेवढाच:

"आमच्याकडून चूक झाली. गोदातीर साहेबांची आणि तुमची माफी मागतो. बंदी मान्य. र. धों. खबाले."

चूक झाली? त्याने तर चूक केलीच नव्हती. तो निरोप मी पुन्हा पुन्हा वाचला. मग माझी मीच समजूत घातली, की काय लिहिलं होतं ते तोच विसरला असेल. एवढं भरमसाट लिहिणाऱ्याला काय आठवणार?

मेळाव्यासाठी मृदुलाताई डिसेंबरात सांगलीला भाच्याकडे उतरल्या. मेळावा रविवारी होता. शुक्रवारी सकाळी त्यांची गाडी माझ्या दारात.

"चला पोतनीस. आटपाडीच्या बाजूला जाऊन येऊ."

"आटपाडीला? कशाला?"

"डबलबेलना भेटायला. पत्ता त्यांनी सभासद होताना दिलेला आहे. तुम्ही बंदी घातलीत ती नियमाला धरून, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तो शब्द त्या माणसाच्या तोंडचा वाटत नाही हो. माणूस बघून येऊ. नाव जाहीर करायच्या आधी एकदा."

"माझे तास आहेत."

"रजा टाका."

शैलाने आतून माझा स्वेटर आणून दिला. "खरंच जा," म्हणाली, "आणि त्यांना सांगा, मी रोज बघते बेल वाजली का."

दोन तासांच्या रस्त्यात मृदुलाताई बोलत होत्या आणि मी खिडकीबाहेर डाळिंबाच्या बागा बघत होतो.  माझा बदल कळायची काही सोय नव्हती, हे मी मनाशी दहा वेळा घोकलं. नोंद नाही. साक्षीदार नाही.

घर गावाच्या कडेला होतं. चार खोल्या, वर पत्रा, दारात शेवग्याचं झाड. सोप्यात बाजेवर एक उंच, हाडापेराचा म्हातारा ताठ बसला होता. डोळ्यांवर काळा चष्मा. आमची चाहूल लागताच त्याने मान वळवली, पण आमच्याकडे नाही. आमच्या जरा उजवीकडे.

"कोन?"

"मी मृदुला नाबर. ओट्यावरची."

"अरं देवा!" म्हातारा उठून उभा राहिला. हात चाचपडत पुढे आला. "बडोद्याच्या ताई? हितं? कांचन, अगं कोन आलंय बघ! पानी आन!"

"आणि हे तटस्थ," ताईंनी सांगितलं.

रंगराव खबाल्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. तळवे खरखरीत आणि गरम होते. सोडेचनात.

"साहेब! तुमचे नियम मला पाठ हायती. खोटं न्हाई. ह्या पोरीकडनं चार येळा वाचून घेतले. मुद्द्यावर बोला, मानसावर नको. बावीस वर्सं गाडीत भांडनं सोडवली, पन असं दोन शब्दांत कुनी सांगितलं न्हवतं मला."

"तुम्हाला दिसत नाही?" मी विचारलं. 

"काचबिंदू. चार वर्सं झाली, मिट्ट काळोख. पोरगं पुन्याला कंपनीत. मग ही सूनच माजे डोळे. मी बोलायचो, ही टायपायची. लोकांनी काय लिवलं ते वाचून दाखवायची. लई मज्जा केली आमी." ते थांबले. "केली हुती."

सून पाणी घेऊन आली. पंचविशीची, सावळी, डोक्यावरून पदर. तांब्या खाली ठेवताना तिने आमच्याकडे पाहून नमस्कार केला, सासऱ्यांकडे पाहिलं नाही. कोपऱ्यात टेबलावर कॉम्प्युटर होता आणि त्यावर फुलाफुलांचं जुनं पातळ चारी बाजूंनी खोचलेलं होतं.

मृदुलाताई म्हणाल्या, "रंगराव, तो शब्द तुम्ही कसा काय लिहिलात? मला राहवेना म्हणून आले."

म्हातारा बाजेवर टेकला.

"ताई, म्या न्हाई लिवला. पन आमच्याकडनं गेला, तवा चूक आमचीच."

"म्हणजे?"

"मी बोललो येगळं. हिनं घातलं येगळं. त्या गोदातीर साहेबानं मला आडानी म्हनलं, ते हिच्या मनाला लागलं. दिवसभर जेवली न्हवती. दुसऱ्या दिशी मी सांगितलेलं मोडून हिनं अक्कल काढली त्येंची. मला दिसत न्हाई, मग काय? कायबी लिवावं!"

"मामा, मी न्हाई घातलं," दारातून सुनेचा आवाज आला. इतक्या वेळा म्हणून झालेलं असावं, की त्यात आता जोर उरला नव्हता.

"मग कुनी घातलं? तितं काय भूत बसतंय?" म्हाताऱ्याने मान माझ्या दिशेने वळवली. "साहेब, तुमीच सांगा. ही म्हनती, तिकडंच कुनी बदललं असंल. मी म्हनलं, गप! तिकडं तटस्थ साहेब बसलेत. ज्यानं असले नियम लिवले तो मानूस आसलं काम हुऊ दील व्हय? घरातलं पाप दुसऱ्याच्या दारात टाकू नगंस म्हनलं. तवापास्नं मशिनीवर कापड हाय. ही जेवाय वाढती, औशिद देती. बोलनं न्हाई आमचं. अडीच म्हैनं झालं."

मृदुलाताई माझ्याकडे बघायला लागल्या. शंकेने नव्हे, मी काहीतरी बोलून त्या मुलीला सोडवेन अशा आशेने.

"यंत्रात कधी कधी... गडबड होते," मी म्हटलं.

"यंत्राला अक्कल ह्यो शब्द बरा ठाव असतोय, साहेब," म्हातारा हसला. त्या हसण्यात माझ्याबद्दल शंका नावालाही नव्हती.

 उठून मागच्या दारी गेलो, तोंड धुतो म्हणालो. कांचनने तांब्याने हातावर पाणी घातलं. मग हळू आवाजात म्हणाली, "सर, एक काम करता?"

"काय?"

"हितं लाईट कवाबी जाती. म्हनून मी मामांचं आधी नोटपॅडवर टाइप करून ठेवते, मग तिकडं टाकते. त्या दिवसाची फाईल हाय. तारखेसकट."

माझ्या हातातलं पाणी गळून गेलं.

"मामांना मी वाचून दाखवली. तर म्हनले, तू वाचतीस ते तुझंच असनार. त्येंना दिसत न्हाई, मी काय करू?" पहिल्यांदाच तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुमी वाचून दाखवा. तुमच्यावर त्येंचा इस्वास हाय."

"नवरा आला तर त्याच्याकडून..."

"त्यो म्हनतो, कटकट नगं, इकून टाक मशीन." तांब्या तिने कठड्यावर ठेवला. "माजं ऱ्हस्व-दीर्घ तिकडं आपोआप सुधारायचं; शब्द बदलायचं बटन तिकडं कुनाकडं असतंय, ते मी तुमाला इचारत न्हाई, सर. नुसतं वाचून दाखवा."

तिला ठाऊक होतं. अडीच महिने ठाऊक होतं. आणि तिने मला पाणी दिलं होतं.

आत येऊन तिने टेबलावरचं पातळ काढलं. मशीन सुरू व्हायला वेळ लागला. "काय चाललंय?" म्हाताऱ्याने कानोसा घेत विचारलं. "मशीन कुनी लावली?"

"मी लावायला सांगितली," मी म्हणालो. मृदुलाताई उठून माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

मी वाचायला लागलो. वर्गात वाचतो तसा. सहकारी संस्थेच्या सभेला सह्या करून चहा पिऊन घरी जाणारे सभासद, आणि मग ते वाक्य. "गोदातीर यांचा मुद्दा अर्ध्या तिकिटाचा आहे. त्यात कमीपणा काही नाही. अर्ध्या तिकिटाचा प्रवासी दोन-चार वर्षांत पूर्ण तिकिटाचा होतोच. मला तेवढी वाट बघायची आहे."

"हेच!" म्हाताऱ्याने बाजेवर हात आपटला. "हेच बोललो हुतो मी! अक्षर न् अक्षर! हितं आसंच हाय, साहेब?"

"असंच आहे. तारीख, वेळ, सगळं आहे. तिने काही बदललं नव्हतं."

"मग बदललं कुनी?"

सोप्यात कोंबडी आली होती. कांचनने तिला हाकललं नाही. मृदुलाताईंचा श्वास मला मानेवर जाणवत होता.

"मी," मी म्हणालो.

त्याने काळा चष्मा माझ्याकडे वळवला. या वेळी बरोबर माझ्याकडे.

"कशापाई?"

"तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं लिहिता म्हणून."

ओरडेल, घराबाहेर काढेल असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर मी सुटलो असतो.  पण माझ्याशी एक शब्दही न बोलता त्याने हात पुढे केला आणि हवेत चाचपडला.

"कांचन."

ती पुढे आली. त्याच्या हाताला तिचं मनगट लागलं.

"अडीच म्हैनं मी तुला इनातिकिटाची म्हनत हुतो, पोरी. तिकीट तुज्या हातातच हुतं. तपासनाराच आंधळा."

ती खाली बसली आणि त्याच्या गुडघ्यावर कपाळ टेकवून रडली. मृदुलाताईंनीही चष्मा काढला. आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तेही सांगून टाकतो, लपवून आता काय मिळवायचंय? माझ्या मनात आलं, हे वाक्य याला आत्ता, जागच्या जागी कसं सुचलं?

"बस मशिनीवर," थोड्या वेळाने म्हातारा तिला म्हणाला. "घे लिहून."

"बंदी हाय की, मामा."

"बंदी उठली," मृदुलाताई म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

मी खुर्ची रिकामी केली. ती बसली, डोळे पुसले, बोटं अक्षरांवर ठेवली. म्हातारा डोळ्यांपुढच्या काळोखात बघत सांगू लागला आणि बोलीचं लेखी करत ती भराभर टाइप करत गेली. आपल्या प्रतिसादात एक शब्द बदलला गेला होता. बदलणारा माणूस घरी येऊन कबूल करून गेला. गोदातीर साहेबांनी मनातला राग काढून टाकावा. आपल्या सुनेवर आपण खोटा आळ घेतला होता, तो सगळ्यांसमक्ष मागे घेतो. एवढंच. विनोद नाही, म्हातारी नाही, गाडी नाही.

कांचनचे हात थांबले. तिने वळून माझ्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे.

"नाव घालू का, मामा?"

मी भिंतीला टेकून उभा होतो. रविवारी सांगलीत साठ माणसं जमणार होती. शैला येणार होती, पुढच्या रांगेत बसायला. माझी अब्रू त्या मुलीच्या बोटांखाली होती आणि ती एका शब्दाची वाट बघत होती.

"न्हाई," म्हातारा म्हणाला. "नियम सात. मानसावर नगं. टाक."

तिने बटण दाबलं.

 परतताना मिरज आल्यावर मृदुलाताई एवढंच म्हणाल्या, की चालकांच्या यादीतून नाव मी स्वतःच काढावं, कारण देऊ नये. मी काढलं. रविवारी मेळाव्याला गेलो नाही, तब्येतीचं निमित्त सांगितलं. शैला एकटीच गेली आणि संध्याकाळी उजळलेल्या चेहऱ्याने परत आली. साइटचा कारभार डबलबेलकडे गेला होता, सुनेसह. शब्द बदलणारा कोण यावर मेळाव्यात तर्क चालले होते म्हणे. माझं नाव कुणीच घेतलं नाही. तटस्थ असं करणं शक्यच नाही, असं गोदातीर सगळ्यांना ठासून सांगत होता.

"आणि ऐका ना," शैला चपला काढता काढता म्हणाली, "डबलबेलनी काय केलं माहितीये? सुरुवातीलाच तुमचे अकराच्या अकरा नियम तोंडपाठ म्हणून दाखवले. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. इतके सुंदर आहेत, मला कधी बोलला नाहीत!"

सहा वर्षांपूर्वी दोन महिने खपून मी ते लिहिले होते. शैलाला ते त्याच्या तोंडून आवडले. आत जाऊन मी दिवा न लावता पलंगावर बसलो आणि माझ्याच सातव्या नियमापायी मला त्याचा हेवा वाटला, कारण तो नियम त्याला शोभत होता.